जिन्यातली खुर्ची

विश्रामबागेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबाला मगदूम काकूंचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स बांधला आहे. फोटो कुठल्यातरी लग्नातला. फ्लेक्सवाल्याने त्यांच्या कपाळावरच्या आठ्या पुसून टाकल्या आहेत, ओठ गुलाबी केले आहेत आणि गाल शाळकरी मुलीसारखे गुळगुळीत. खाली मोठ्या अक्षरांत 'कुटुंबासाठी आयुष्यभर झिजलेल्या, सोशिक, त्यागमूर्ती' असं लिहिलं आहे. त्याखाली नवरा, दीर, पुतणे, भाचे, सोयरे यांची नावं. बाईचं नाव एकही नाही.

पुण्याहून आले त्या दिवशी रिक्षातून मी तो पाहिला आणि मला किळस आली. राग नाही, दुःखही नंतर आलं. आधी किळस. हा शब्द मुळात काकूंचा. मेलेली पाल, शिळं वरण, खोटं कौतुक, या सगळ्यांना त्या एकाच सुरात 'शी! किळस येती' म्हणायच्या. स्वतःचा हा फ्लेक्स पाहिला असता तर त्यांनी खुर्चीवर चढून तो फाडला असता, आणि चढताना दम लागला तर तेही मोठ्याने सांगितलं असतं.

खुर्ची म्हणजे लाल प्लॅस्टिकची, एक हात तुटलेली. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. काकू पहिल्या मजल्यावर, आम्ही तिसऱ्यावर. बाबांची साताऱ्याहून सांगलीला बदली झाली तेव्हा मी नववीत होते, आणि सामान वर चढवताना आम्ही सगळे त्या खुर्चीला अडखळलो. काकू त्यावर बसून वाटाणे सोलत होत्या. त्या उठल्या नाहीत. बाबांकडे त्यांनी पाहिलंही नाही. आईकडे मात्र पायापासून डोक्यापर्यंत बघून म्हणाल्या, "दम लागला?"

"नाही हो," आई हसून म्हणाली. तिला चांगलाच लागला होता.

"लागला असंल तर बस. न्हाई म्हणून काय बक्षीस मिळत न्हाई हितं."

वारा येतो म्हणून आपण जिन्यात बसतो, असं त्या सांगत. खरं तर त्या चढणाऱ्या बायका ऐकत बसायच्या. कोण कुठल्या मजल्यावर थांबतं, कोण कठडा धरतं, कोण पदर नीट करायचं निमित्त करून श्वास घेतं, सगळं त्यांना ऐकू यायचं. पुरुष चढले की त्या वाटाण्यांकडे बघायच्या. "त्यांच्याकडं बघायला सगळं घर बसलंय," म्हणायच्या.

मी इंग्रजी शाळेतली, म्हणून मला त्या 'मॅडम' म्हणत. मी त्यांना टाळायची. जिन्यात त्यांच्यासमोरून जाणं म्हणजे तोंडी परीक्षा. एकदा त्यांनी मला थांबवलं.

"काय मॅडम, छातीला तुमच्या इंग्रजीत काय म्हणतात?"

माझे कान गरम झाले. वरून पाटलांचा मुलगा उतरत होता. मी पुटपुटले, "चेस्ट."

"मोठ्यांदा."

"चेस्ट."

"आता मराठीत म्हण."

मला म्हणता आलं नाही. त्यांनी मान हलवली. "तुझी आई पण म्हणत न्हाई. ह्या बिल्डिंगीत कुणाला छातीच न्हाई. 'हितं दाटतंय', 'हितं कसंतरी होतंय'. हितं म्हणजे कुठं गं? मिरजेत का?"

खरंच होतं ते. त्यानंतर मी लक्ष देऊ लागले. आमच्या इमारतीतल्या बायकांचा हात गळ्यापासून पोटापर्यंत कुठेतरी हवेत फिरायचा आणि त्या 'पित्त झालंय' म्हणायच्या. हाताला मुंग्या आल्या तर पित्त, पाठ भरून आली तर पित्त, दोन मजले चढून घाम फुटला तरी पित्त. ते पित्त घरोघरी कोकमाच्या सरबताने आणि सोड्याने शांत केलं जायचं, आणि बाई पुन्हा ओट्याशी उभी राहायची.

काकूंचंही आधी पित्तच होतं. ती हकीकत त्या कुणालाही सांगत, न विचारता, आणि दरवेळी तेवढ्याच तिरस्काराने.

त्यांच्या भाचीला बघायला पाहुणे यायचे होते आणि बैठक काकूंच्या घरी होती. मगदूम मंडळी हळदीचे व्यापारी, पाहुणेही तसलेच तालेवार. सकाळी पुरीचं पीठ मळताना काकूंचा जबडा दुखायला लागला. मग पाठ. मग अंगाला असा घाम सुटला की ब्लाउज पिळून काढावा. नणंद म्हणाली, "पित्त झालंय वहिनी, जागरण झालं ना तुमचं." सासूबाईंनी लिंबू-सोडा दिला. अण्णांनी, म्हणजे काकूंच्या नवऱ्याने, घरच्या डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांनी फोनवरूनच गॅसची गोळी सांगितली. काकू मोरीत जाऊन ओकल्या, तोंड धुतलं, कुंकू पुन्हा लावलं आणि वाढायला उभ्या राहिल्या.

"पाव्हण्यांनी आमटीचं कौतुक केलं," काकू सांगायच्या. "परत मागून घेतली. मी तवा मरत हुते. मरता मरता मी इच्यारलं, अजून थोडी वाढू का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नळापाशी कोसळल्या तेव्हा त्यांना मिरजेला नेलं. हृदयाचा बराचसा भाग तोवर निकामी झाला होता. अतिदक्षता विभागात त्या पडद्याआड पडल्या होत्या आणि बाहेर नातेवाईक बोलत होते ते त्यांना ऐकू येत होतं. पाहुण्यांसमोर वहिनींनी तोंडातून ब्र काढला नाही. कार्य पार पाडलं. अशी बाई शोधून सापडायची नाही.

"अभिमानानं सांगत हुते गं," काकू म्हणायच्या. "माझ्या नाकात नळी. आणि ही माणसं माझं कौतुक करत उभी. त्या दिवशी मला त्यांची किळस आली, ती काय गेली न्हाई."

घरी आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट बदलली ती जेवणाची. घर जैन, त्यामुळे संध्याकाळचं जेवण सूर्य मावळायच्या आत. आधी पुरुष, मग मुलं, आणि उजेड उरला तर बायका. न उरला तर बायकांनी दूध पिऊन झोपायचं, त्यालाही धर्मच म्हणायचं. काकूंनी सगळ्यांच्या आधी ताट घ्यायला सुरुवात केली. लपून नव्हे, दार सताड उघडं ठेवून, जिन्यातल्या खुर्चीवर मांडीवर ताट घेऊन. मुगाची आमटी, भाकरी, काकडी, मीठ कमी. अण्णा दुकानातून आले की त्यांना ओलांडून आत जायचे. एकदा अण्णांच्या बहिणीने टोमणा मारला, "आधी नवऱ्याचं तरी बघायचं."

"त्याचं हृदय शाबूत हाय," काकू घास गिळून म्हणाल्या. "आक्का, तुमी पण घ्या ताट. का कुणी मरायची वाट बघताय?"

एकदा तपासणीला जाताना त्यांनी मला बरोबर नेलं, कागदावरचं इंग्रजी वाचायला. डॉक्टर मोठे होते, भिंतीवर बऱ्याच ट्रॉफ्या होत्या. त्यांनी अण्णांना विचारलं, "यांना दम कधी लागतो?" अण्णा विचार करू लागले.

"मला इच्यारा," काकू म्हणाल्या. "छाती माझी हाय."

अण्णा ट्यूबलाइटकडे बघू लागले. मी जमिनीकडे. डॉक्टर हसले आणि पुन्हा अण्णांनाच म्हणाले, "जरा टेन्शन घेतात वाटतं. रिलॅक्स ठेवा त्यांना." बाहेर आल्यावर काकूंनी कागद माझ्या हातात दिला. गोळ्यांच्या वर एक शब्द होता, त्याचा अर्थ मी सांगितला, उगाच चिंता करणारी.

"शी," काकू म्हणाल्या. पुढच्या खेपेला त्यांनी डॉक्टर बदलला. मिरजेतली एक तरुण डॉक्टरीण गाठली. "ती खुर्ची माझ्याकडं वळवून बसती," एवढंच काकू तिच्याबद्दल सांगायच्या. पाळी गेली की बाईच्या हृदयाची राखणही कमी होते, आणि बाईचा झटका नेहमी छातीवर हात दाबून येत नाही, जबड्यातून, पाठीतून, मळमळीतून, नुसत्या थकव्यातूनही येतो, हे त्यांना तिने सांगितलं. काकूंनी ते जिन्यात बसून पूर्ण इमारतीला सांगितलं. बायका मान डोलावून वर गेल्या आणि स्वयंपाकाला लागल्या.

मग ती संक्रांत आली. दरवर्षी बायका हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे, चहाची गाळणी, पिना असलं काहीतरी लुटतात. काकूंनी त्या वर्षी चिठ्ठ्या लुटल्या. शंभर फुटी रस्त्यावरच्या एका लॅबमध्ये छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढायला एक बाई होती. ब्लाउज काढावा लागतो आणि मशीनवर पुरुष असतो म्हणून बायका पट्टी काढत नाहीत, हे काकूंना पक्कं माहीत होतं. म्हणून त्यांनी त्या बाईशीच ठरवलं. एक चिठ्ठी, एक पट्टी. पुढच्या रविवारी सकाळी. चिठ्ठीला हळदीकुंकवाचं बोट लावून, तिळगूळ ठेवून त्यांनी प्रत्येकीच्या ओंजळीत ती दिली. बायका हसल्या. "काय वहिनी, वाणात आजारपण देताय?" एवढं कुणीतरी म्हणालंही. पण चिठ्ठ्या सगळ्यांनी पर्समध्ये ठेवल्या.

रविवारी काकू मला घेऊन लॅबवर गेल्या. बायका लाजून परत फिरू नयेत म्हणून आपण हजर असावं, असा त्यांचा बेत होता.

बाकावर पुरुष बसले होते. आमच्या इमारतीतले, शेजारच्या गल्लीतले. कुणाचा सासरा, कुणाचा नवरा, एक कुणाचातरी धडधाकट मुलगा जिमचा बनियन घालून. सगळ्यांच्या हातात पिवळी-लाल बोटं उमटलेल्या चिठ्ठ्या. पट्टी काढणारी बाई आतल्या दारात येऊन गोंधळून उभी होती. बाकाच्या टोकाला माझे बाबा होते.

कुणी हिसकावून घेतलं नव्हतं. हेच मला अजून सहन होत नाही. प्रत्येकीने घरी जाऊन आपल्या हाताने ती चिठ्ठी नवऱ्याला दिली होती. फुकट आहे, वाया कशाला घालवायची, तुम्हीच जाऊन या. जशी ताटातली शेवटची पोळी देतात तशी.

काकू दारात थांबल्या. मला वाटलं त्या ओरडतील. त्यांनी पिशवीतून हळदीकुंकवाची कोयरी काढली.

"बसा, बसा. उठू नका," त्या म्हणाल्या. "बायकांचं वाण घेऊन आलाय, तर रीतसर घ्या. कपाळ पुढं करा पाटीलसाहेब. मॅडम, जवळच्या वाण्याकडनं तांदूळ आण गं. ओटी भरायची हाय सगळ्यांची."

"आवं वहिनी, काय हे..." पाटील उठले.

"का? नवऱ्याचं आयुष्य मागून घेताना लाज न्हाई वाटली आमाला. तुमाला आमचं वाण घेताना वाटली न्हाई. मग कुंकवाचीच कशाला?"

त्यांनी खरंच दोघांना लावलं. जिमवाला मुलगा पळाला. बाबा जागचे हलले नाहीत. माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "आईनेच दिली गं. मला शुगर आहे ना. तिला काय झालंय? ती ठणठणीत आहे."

त्याच महिन्यात आईने दाढ काढली होती. डाव्या जबड्यात कळ यायची म्हणून. दाढ गेली, कळ राहिली. दंतवैद्य म्हणाला, शेजारचीही किडली असेल. आई तीही काढायला निघाली होती, आणि कुणालाच त्यात काही चमत्कारिक वाटत नव्हतं.

काकूंना वाटलं. रविवारनंतर आठवडाभर त्या आईच्या मागे लागल्या. जिन्यात तिला अडवून विचारलं, "शैला, ही दाढ जिना चढतानाच दुखती व्हय?"

"चढताना जास्त."

"आणि बसलं की थांबती?"

"थांबते."

"अशी कसली गं दाढ? तिला जिना कळतो?"

आई हसली. मग म्हणाली, "वहिनी, नणंदेची साताऱ्याला वास्तुशांत आहे. तेवढी होऊन जाऊ दे. मी नाही गेले तर जेवणाचं कोण बघणार? आल्यावर दाखवते."

मी तिच्या मागच्या पायरीवर उभी होते. मला काकूंचा चेहरा दिसत होता. हेच त्यांनी एकदा स्वतःशी म्हटलं असणार, पुरीचं पीठ मळताना.

साताऱ्याला निघायच्या दिवशी सकाळी आई पिशवी घेऊन उतरली, तिच्या मागे मी. बाबा स्टँडवर तिकिटासाठी पुढे गेले होते. पहिल्या मजल्यावर काकू खुर्चीत वाकून बसल्या होत्या, एक हात छातीवर.

"शैला," त्या म्हणाल्या, "छातीत कळ आली गं. अण्णा दुकानात गेलेत. नेतीस का मला मिरजेला?"

आईने पिशवी तिथेच टाकली. साताऱ्याची बस, नणंद, वास्तुशांत, यातलं काही तिला क्षणभर आठवलं नाही. तिने मला रिक्षा आणायला पिटाळलं, काकूंना कंबरेला धरून उतरवलं. स्वतः धापा टाकत होती, डावा गाल हाताने दाबत होती. रिक्षात तिने काकूंचं डोकं खांद्यावर घेतलं आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "दादा, लवकर चला हो, यांच्या छातीत दुखतंय." तिच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. दुसरीसाठी तिला तो उच्चारता आला.

दवाखान्यात पोचल्यावर काकू चाकाच्या खुर्चीतून उठल्या, पदर सारखा केला आणि त्या डॉक्टरणीला म्हणाल्या, "मी बरी हाय. हिची पट्टी काढा."

आईला आधी कळलंच नाही. मग ती चिडली, एवढी चिडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. "वहिनी, खोटं बोललात? माझी बस गेली!"

"गेली तर गेली. तुझ्या जिवासाठी तू रिक्षात बसली नसतीस. झोप तिथं. ब्लाउज काढ. बाईच हाय मशीनवर."

पट्टी निघाली. डॉक्टरणीने ती दोनदा पाहिली आणि आईला पलंगावरून उठू दिलं नाही. दुपारपर्यंत अँजिओग्राफी झाली. मुख्य नळी जवळजवळ बंद होती. त्याच दिवशी स्टेंट घातला. वास्तुशांतीच्या चुलीपाशी ती उभी राहिली असती तर काय झालं असतं, ते डॉक्टरणीने बाबांना सांगितलं. खुर्ची आईकडे वळवूनच.

साताऱ्याहून आत्याचा फोन आला. मीच घेतला. "आमच्याकडं एवढं कार्य, आणि हिला आत्ताच हार्ट सुचलं?" मी फोन ठेवला. मला काकूंसारखं बोलता येत नाही. पण हात साबणाने धुवावासा वाटला.

बाबा कॉरिडॉरमध्ये भेटायला येणाऱ्यांना सांगत होते, "कधी बोलली नाही हो. सगळं अंगावर काढलं." त्या आवाजात दुःख होतं, पण थोडं दुसरंही काहीतरी होतं. काकूंनी ते लगेच ओळखलं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "ती दुसऱ्या मजल्यावर थांबायची, भाजीची पिशवी सारखी करायच्या निमित्तानं. तुमी तिच्या मागं असायचा. थांबलेली दिसायची न्हाई तुमाला?"

पुढे बाबा तिची पिशवी उचलू लागले, एवढं मात्र खरं.

आई घरी आल्यावर गोळ्यांवर पहारा काकूंचाच. जरा बरं वाटलं की बायका गोळ्या बंद करतात, हेही त्यांना ठाऊक होतं. रोज संध्याकाळी जिन्यातून हाक यायची, "शैला, घेतलीस का?" आई वरून ओरडायची, "घेतली!" सगळ्या इमारतीला आईच्या गोळीची वेळ पाठ झाली.

या पावसाळ्यानंतर काकूंच्या पायांना सूज येऊ लागली. शेवटच्या दिवशी जबडा दुखताच त्यांनी मोठ्याने सांगितलं आणि अण्णांनी, बिचाऱ्यांनी, चप्पलही न घालता गाडी काढली. या वेळी कुणी पित्त म्हणालं नाही. पण आमटी वाढत उभं राहण्यात त्यांचं जे हृदय गेलं होतं, ते आता कुणीही परत आणू शकत नव्हतं. ती आमटी खाणारे पाहुणे आता सोयरे म्हणून फ्लेक्सवर 'शोकाकुल' आहेत.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते दिवाळी संपवून पुण्याला निघताना. ऊन उतरत होतं. काकू नेहमीसारख्या जिन्यात, मांडीवर ताट, पाय सुजलेले म्हणून स्टुलावर. अण्णा आत पेपर वाचत जेवणाची वाट बघत होते. खालून आई मला सोडायला लागणाऱ्या रिक्षाचं बघून वर येत होती. तिच्या मागे पाटील आणि सोसायटीचे आणखी दोघे पाण्याच्या टाकीबद्दल बोलत चढत होते. काकूंच्या खुर्चीपाशी आई थांबली. तिने पदर सारखा केला नाही, काही शोधल्यासारखं केलं नाही. कठडा धरून ती सगळ्यांसमोर, नीट ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "थांबते जरा. छातीत भरून आलंय."

जिना अडला. कुणाला पुढे जाता येईना.

काकूंनी स्टुलावरचे पाय खाली घेतले, स्टूल पायानेच आईकडे सरकवलं आणि काकडीची फोड तोंडात टाकत म्हणाल्या, "बस. थांबतील ते."